रिखमुटबाईंचा वाजणारा चषक

माझा भाऊ गेरलाख हात चालवताना तोंड बंद ठेवतो, असं मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. आणि तोंड चालू असलं की त्याचे डोळे हातातल्या कामावर नसतात, समोरच्याच्या थोबाडावर असतात. कोलोनमध्ये त्याच्या तोडीचा सोनार शोधून सापडायचा नाही हे मलाही मान्य आहे, पण हे त्याला सांगायला कुणी जाऊ नका. आधीच डोक्यावर बसलाय. जे झालं ते त्याच्या त्या तोंडामुळे झालं. तो म्हणतो, समोर थोबाड तुझं होतं ना, ताई. त्याचं काय ऐकायचं.

तर रिखमुटबाई. नदीकाठच्या कापडवाल्या कोनराडची विधवा. बाई अंगानं एवढीशी, पण रस्त्यानं निघाली की आधी किल्ल्यांचा आवाज येतो आणि मग ती येते. कमरेला लोखंडाचं हे मोठं कडं, त्यात घराच्या, वखारीच्या, पेट्यांच्या, खारवलेल्या माशांच्या पिंपाच्या, सगळ्या किल्ल्या. नवरा गेल्यावर तिनं त्याचे चांदीचे मग आणि ताटं आमच्याकडे आणून ओतली आणि म्हणाली, "गेरलाख, याचा मिस्सेच्या पूजेसाठी चषक कर. माझ्या कोनराडच्या नावानं आपल्या गल्लीतल्या चर्चला देणार आहे. आणि हलकं काम केलंस तर मला कळेल."

याच बाईचा मुलगा वोल्बेरो आमच्या ब्लिडाला मागणी घालून गेलेला. ब्लिडा म्हणजे गेरलाखची मुलगी. आई लहानपणी गेली, मीच वाढवली. म्हणजे त्या एका घरासाठी आम्ही चषकही घडवत होतो आणि सूनही.

साखरपुड्याला रिखमुटबाईंनी कोनराडच्या बोटातली अंगठी ब्लिडाच्या बोटात घातली. जाडजूड सोनं, वर निळा खडा, खड्यात कोरलेलं कुणा जुन्या रोमन बाप्याचं तोंड, आणि त्याचं नाक उडालेलं. असले खडे इथे शेत नांगरताना मातीत सापडतात, पण दोन सारखे कधी सापडत नाहीत. कोनराड जन्मभर ती अंगठी करंगळीत घालायचा आणि जेवायला उशीर झाला की तिनं टेबलावर टकटक करायचा. ती टकटक सगळ्या गल्लीला ठाऊक होती. मग रिखमुटबाई आतून ओरडायची, "आले, आले, वाढते."

अंगठी घालून झाल्यावर बाईनं दोन गोष्टी सांगितल्या. "एक. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत, हीच अंगठी वोल्बेरो पोरीच्या बोटात घालेल. अंगठी नसेल तर पोरगी तुमच्या घरी आणि पोरगा माझ्या घरी. दोन. या किल्ल्या." तिनं कडं खळकन वाजवलं. "जीव आहे तोवर या माझ्या कमरेला. नंतर कटकट नको." ब्लिडानं मान डोलावली. तिला वोल्बेरो हवा होता. तो तरुण कसा आहे विचाराल तर उंच, मनानं चांगला, आणि एकदा हसायला लागला की थांबवता न येणारा. तिला अगदी तसाच पाहिजे होता म्हणे.

आता चषक. वरची वाटी, खालचा पाय, आणि मध्ये दांडीवर, बाहेरून बारीक खडे बसवलेला, एक पोकळ गोळा. फादर मुठीत धरतात तो. गोळा दोन अर्ध्यांचा असतो. सगळे भाग वेगवेगळे घडवायचे, त्यांना सोन्याचा मुलामा द्यायचा, आणि मग विस्तवाशिवाय, थंडच एकात एक बसवून खालून खिळा ठोकायचा. जोडून झाल्यावर आच दाखवली तर मुलामा काळा पडतो. मुलाम्यासाठी सोनं पाऱ्यात खलायचं. हे काम ब्लिडाचं, तिचा हात बापापेक्षा हलका आहे. आणि पाऱ्याला हात लावायच्या आधी सोनाराच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा बोटातलं सोनं काढून ठेवतं, नाहीतर पारा त्याला चिकटतो आणि सोनं पांढरंफटक पडतं.

ब्लिडानं अंगठी काढली. खड्याची अंगठी, घरंगळून कुठे जायला नको, म्हणून तिनं ती मेणाच्या गोळीवर दाबून चिकटवली. आमच्याकडे सगळंच मेणावर चिकटवून ठेवतात, तिचं काही चुकलं नाही. चिकटवली ती समोर दांडीवर बसवलेल्या त्या गोळ्याच्या खालच्या अर्ध्यात. छान वाटीसारखं होतं ते. मुलामा आधीच झालेला, चकचकीत. त्यात ठेवायला कुणालाही मोह झाला असता. आणि मग ती वरच्या वाटीचा मुलामा करायला मागच्या अंगणात गेली, कारण पाऱ्याचा धूर घरात करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडणी. गेरलाख बसला, आणि त्याच वेळी मी विचारलं, की रात्री झाकून ठेवलेला हेरिंग मासा कुणी खाल्ला. साधा प्रश्न. तो म्हणाला, मांजरानं. मी म्हटलं, मांजर काटे ताटाच्या कडेला रांगेत लावून ठेवत नाही. तो म्हणाला, या घरात माणसाला एक मासा खायची चोरी. मी म्हटलं, माशाची चोरी नाही, खोटं बोलण्याची आहे. असं आमचं चाललेलं. तो माझ्याकडे डोळे वटारून बघत होता, आणि त्याच्या हातांनी, जे झोपेतही चुकत नाहीत, वरचा अर्धा खालच्यावर बसवला, वाटी चढवली, पालथा करून खिळा ठोकला. टक टक टक. काम सुरेख झालं, सांध्यात नखसुद्धा शिरलं नसतं.

दुपारी ब्लिडा हात धुऊन आली आणि म्हणाली, "बाबा, गोळ्यात ठेवलेली अंगठी कुठे ठेवलीत?"

"कसली अंगठी? गोळ्यात काही नव्हतं."

"नीट बघितलं होतं का?"

"मी काय आंधळा आहे?"

आणि त्यानं चषक कानाशी धरून हलवून दाखवला. आवाज नाही. मेणानं धरून ठेवलं होतं ना आत. मग पोरीलाच वाटायला लागलं, की आपण दुसरीकडेच ठेवली. भट्टीची राख चाळली, फरशा उपटल्या, त्या मांजराला दोन दिवस बांधून ठेवलं आणि त्याच्या मागे मागे मी काय काय तपासलं ते सांगत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते आमच्याच घरावरून.

तेवढ्यात बिशप आले, चषकाला तेल लावून अभिषेक करून गेले, आणि तो आमच्या हातातून कायमचा सुटला. अभिषेक झालेल्या चषकाला फादरशिवाय कुणी हात लावायचा नाही. ज्यानं घडवला त्यानंही नाही.

मेणबत्त्यांच्या सणाला त्याच्यावर पहिली मिस्सा होती. गारठा असा, की पवित्र पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरलेला. रिखमुटबाई पुढे, आम्ही तिच्या मागे. फादर एगबर्टनी दोन्ही हातांनी चषक वर उचलला, सगळे गुडघ्यांवर, चर्च चिडीचूप, आणि वरून आवाज आला.

टक. टक टक.

गारठ्यानं मेण तडकलं होतं. हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की माझ्या डावीकडे ब्लिडानं श्वास ओढला आणि उजवीकडे गेरलाखनं श्वास सोडला. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि पुढे रिखमुटबाई, भर चर्चमध्ये, खणखणीत आवाजात म्हणाली, "आले, आले, वाढते."

मग तिचं तिलाच कळलं आपण काय बोललो ते. डोक्याच्या फडक्याचं टोक तोंडावर घेऊन बाई रडायला लागली. "तोच आहे," ती म्हणाली. "माझा कोनराड. त्याची टकटक मी हजार आवाजांत ओळखेन." बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. बिचारी, दुःखानं भ्रमलीय, असं एकमेकींना खुणावत होत्या. फादर वर चषक धरून तसेच उभे. त्यांनी हळूच, जरासा, पुन्हा हलवून बघितला. टक.

घरी आल्यावर गेरलाखनं आधी दार लोटून घेतलं. मग ब्लिडा म्हणाली, "आत्या, मी मरते आता." आणि मी, देवानं मला क्षमा करावी, हसायला लागले. काही केल्या हसू थांबेना. गेरलाखही लागला. शेवटी पोरगीही रडता रडता हसायला लागली, आणि तेवढ्यात वोल्बेरो दारात. त्याला सांगितलं. तो हसता हसता मागे सरकला आणि पिठाच्या पेटीत बसला, उठलाच नाही.

"यात हसण्यासारखं काय आहे?" ब्लिडा म्हणाली. "आईंना अंगठी दिसली नाही तर लग्न मोडेल."

"मोडेल," तो म्हणाला, आणि पुन्हा हसला, आणि मग त्याचं हसू एकदम थांबलं.

आमच्यापुढे इकडे आड तिकडे विहीर. सांगावं तर बाईचा कोनराड दुसऱ्यांदा मरतो, आणि तो मारणारी तिची होणारी सून. सांगू नये तर दारात बोट रिकामं. आणि लग्न लांबवायचीही सोय नाही. राखेचा बुधवार आला की उपवासकाळ, त्यात लग्नं लागत नाहीत, आणि ईस्टरच्या आत वोल्बेरो कापड घेऊन इंग्लंडच्या जहाजावर. तिकडून कधी येईल ते समुद्राला माहीत.

"दुसरी अंगठी कर ना," मी गेरलाखला म्हटलं. "एवढा शहाणा सोनार."

"सोनं करीन, ताई. नाक उडालेला रोमन कुठून आणू?"

मग तो फादरांकडे गेला. म्हणाला, गोळ्यावरचा एक खडा हलतोय, घटकाभर चषक द्या, सुटा करून बसवून देतो. फादर एगबर्टनी चषक छातीशी धरला. ते तसे साधे गृहस्थ, पण त्यांचं दुखणं वेगळं होतं. शेजारच्या चर्चकडे एका संताचा दात आहे, चांदीच्या डबीत. लोक दातासाठी तिकडे जातात. आपल्याकडे काय, तर फुटकी घंटा. आणि आता पहिल्यांदाच आपल्या चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. "हातोडी लागली की अभिषेक गेला," फादर म्हणाले. "बिशप आता येणार पुढच्या वर्षी. हलतोय तर हलू दे खडा. वाजणं हे देवाचं काम आहे, त्यात सोनारानं पडू नये."

आणि ते वाजवायचे. रोज थोडं जास्त. आधी चषक नुसता वर जायचा. मग वर जाऊन डावीकडे उजवीकडे जायला लागला. उपवासाआधीचे खाण्यापिण्याचे शेवटचे दिवस आले, सगळीकडे चरबीत तळलेल्या गोड वड्यांचा वास, रस्त्यात लोक बायकोचे झगे घालून नाचतायत, त्या दिवसांत तर फादर चषक असा हलवायचे की वोल्बेरोला खांबामागे उभं राहून बाही दातात धरावी लागायची. दाताच्या चर्चचे फादर एकदा हळूच येऊन मागे उभे राहून गेले. जाताना त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं.

रिखमुटबाई रोज संध्याकाळी आमच्याकडे. तिच्या किल्ल्यांची खळखळ ऐकू आली की ब्लिडा रिकामं बोट लपवायला कणकेत हात घालायची. "ही पोर सारखी कणीकच मळत असते," बाई म्हणायची. "घरात माणसं किती आणि पाव किती?" आम्ही पाव शेजाऱ्यांना वाटले, डुकरांना घातले. आणि बाई बसून सांगायची, "आज तो रागावलेला होता. जोरात वाजवत होता. आज सूप आळणी असणार." नवरा गेल्यापासून ही बाई कुणाशी धड बोलली नव्हती. आता गाल वर आले होते. ब्लिडा कणकेत हात ठेवून तिच्याकडे बघत राहायची. एकदा बाई गेल्यावर मला म्हणाली, "आत्या, माझं लग्न मोडलं तरी चालेल, पण हे मी यांना सांगणार नाही." चालणार काही नव्हतं. रात्री उशीत तोंड घालून रडत होती, मला ऐकू येत होतं.

वोल्बेरोनं उपाय काढला. दारात वेळ आली की तो म्हणणार, अंगठी माझ्याकडे दिली होती पुसायला, माझ्या हातून ऱ्हाइनमध्ये पडली. आईचा मार मी खाईन. पोरीवर काही येणार नाही, कोनराडची टकटक राहील, आणि आई दोन शिव्या देऊन लग्न लावेल. मला बेत आवडला. गेरलाखला तर इतका आवडला की तो म्हणाला, हा पोरगा आपल्याच घरात जन्मायला हवा होता.

लग्नाचा दिवस. चर्चच्या दारात सगळी गल्ली, अर्ध्यांच्या तोंडाला अजून आदल्या दिवशीच्या नाचाची काजळी. फादर पुस्तक उघडून उभे. ब्लिडाच्या हातांत लोकरी हातमोजे.

"मोजा काढ, बाळ," रिखमुटबाई म्हणाली.

वोल्बेरो पुढे झाला. "आई, ती अंगठी... माझ्या हातून नदीत पडली."

बाईनं त्याच्याकडे बघितलं. तिचा चेहरा असा काही पडला, की मला वाटलं आता शिव्या देईल तर बरं. तिनं शिव्या दिल्या नाहीत. "तुझ्या बापाची," ती म्हणाली, "एवढी एकच वस्तू होती, रे. बाकी सगळं मी वितळवलं."

हे आमच्या बेतात नव्हतं. गेरलाख आयुष्यात पहिल्यांदा गप्प. आणि ब्लिडानं मोजा काढला, रिकामं बोट पुढे केलं आणि म्हणाली, "खोटं बोलतायत ते, आई. नदीत नाही. चषकात आहे."

तिनं सगळं सांगितलं. पारा, मेण, खालचा अर्धा, हेरिंग, सगळं. हेरिंगचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं. फादर एगबर्ट शेजारच्या चर्चच्या दिशेनं बघत होते. त्यांना बहुतेक तो दात दिसत होता.

"म्हणजे ते वाजतं ते..." रिखमुटबाई म्हणाली.

"अंगठी आहे, आई. मला माफ करा. मी तुमचा..."

"कुठली अंगठी?"

"अहो, तुम्ही दिलेली. यांच्या बाबांची."

बाईनं पोरीचं रिकामं बोट एकदा चाचपलं. मग म्हणाली, "फादर, चषक बाहेर आणा."

फादरांनी आणला, रेशमी रुमालात धरून, हात थरथरत. इतके थरथरत होते की हलवायची गरजच पडली नाही. टक टक, टक. रिखमुटबाई डोळे मिटून, मान एका बाजूला करून ऐकत होती. मग डोळे उघडून तिनं गर्दीकडे बघितलं, आणि विशेष करून त्या बायकांकडे, ज्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"मी पहिल्या दिवशी काय म्हटलं होतं?" ती म्हणाली. "म्हटलं होतं ना, हा माझ्या कोनराडचा आवाज आहे? तुम्ही म्हणालात, म्हातारी भ्रमली. मी चाळीस वर्षं ऐकलाय तो आवाज. मी चुकेन?"

आणि ती हसली. आधी नाकातून, मग पोटातून, मग कमरेच्या सगळ्या किल्ल्या वाजायला लागल्या. मुलाचं हसणं कुठून आलं ते त्या दिवशी कळलं. वोल्बेरो तर पायरीवरच बसला. फादर हसावं की नाही म्हणून चषकाकडे बघत होते, आणि तो वाजतच होता.

गेरलाखला वाटलं, आता आपली वेळ. कमरेची छिन्नी काढून म्हणाला, "एक घाव, बाई. खिळा उडवतो, अंगठी हातात."

"हात लावून तर बघ," रिखमुटबाई म्हणाली. "आयुष्यभर मिस्सेला मागे उभा राहून झोपणारा माणूस. आता रोज वेदीवर असतो. तिथून काढू त्याला?"

"मग लग्न कशावर लावू?" फादर म्हणाले. "अंगठी पाहिजे. काहीतरी गोल पाहिजे."

बाईनं इकडे तिकडे बघितलं. मग कमरेचं ते लोखंडी कडं सोडलं, एकेक किल्ली काढून झग्याच्या ओच्यात टाकली, आणि कडं फादरांच्या पुस्तकावर ठेवलं. फादरांनी त्याला आशीर्वाद दिला. रीत अशी, की अंगठी अंगठ्यावर धरून पित्याचं नाव घ्यायचं, पुढच्या बोटावर पुत्राचं, मधल्यावर पवित्र आत्म्याचं, आणि चौथ्या बोटात आमेन. वोल्बेरोनं कडं पुढे केलं तर पोरीचा पंजाच्या पंजा एकदम आत गेला. फादरांनी तिघांची नावं एका दमात घेतली आणि आमेन म्हणून घाम पुसला.

रिखमुटबाई ओच्यात किल्ल्यांचा ढीग घेऊन उभी होती. "आता या मी कशात ओवू?" ती म्हणाली. माझीही बोलायची छाती झाली नाही, यावरून समजा. मग तिनं ब्लिडाचा हात ओढला आणि त्या कड्यात स्वतःच किल्ल्या ओवायला लागली. वखारीची. पेट्यांची. माशांच्या पिंपाची शेवटी, जरा थांबून.

मग सगळे आत गेलो, मिस्सेला. फादरांनी चषक उचलला. त्या दिवशी त्यांनी मुळीच हलवला नाही, मी शपथेवर सांगते, पण तो वाजला. टक टक.

"आले, आले," रिखमुटबाई सवयीनं म्हणाली, आणि उठता उठता तिचा हात कमरेला गेला. तिथे काही नव्हतं. ती पुन्हा खाली बसली, आणि कोपरानं ब्लिडाला ढोसलं.

"ऊठ," ती म्हणाली. "तुझा सासरा जेवायला मागतोय."